नुमाचा तिरका दात

माझ्या धाकट्या भावाचा, नुमाचा, वरच्या ओळीतला एक दात तिरका होता. शेजारच्या दातावर कोपर टेकून उभा राहावा तसा. आई म्हणायची, हा पोरगा पोटातूनच टेकून उभं राहायला शिकून आलाय. पुढे साऱ्या न्यू ऑर्लिन्समध्ये नुमा त्रेपान्येच्या कर्ण्याचं नाव झालं. लोकांनी त्याच्या बोटांची तारीफ केली, छातीतल्या दमाची केली, काहींनी तर आमच्या आजीच्या कुठल्याशा ताईतालाही श्रेय दिलं. दाताचं नाव कोणी घेतलं नाही. ते आम्हा दोघा भावंडांतच राहिलं.

तो शिकला म्हाताऱ्या मास्तरांकडे. आमच्या त्रेमे वस्तीतल्या मास्तरांची रीत अशी, की आधी वर्षभर नुसते स्वर गायचे आणि हाताने ताल धरायचा. पितळेला बोट लावायचं नाही. नुमाने वर्षभर गाऊन शेजाऱ्यांचे कान किटवले. मग एकदाचा मास्तरांनी तीन कळांचा कर्णा त्याच्या हातात दिला, त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि म्हणाले, "पोरा, तू व्हायोलिन शीक. या दातांवर कर्णा बसायचा नाही."

त्या दिवशी नुमा जेवला नाही. परसात अंजिराखाली बसून कर्ण्याचं तोंड जरा इकडे सरकव, जरा तिकडे सरकव, असं चाललं होतं. मी लोकांचे कपडे धुऊन पोट भरायचे, तेव्हा पिळायला बसले होते. बराच वेळ कर्ण्यातून नुसती म्हैस रेकत होती. आणि मग एकदम एक स्वर असा निघाला की माझ्या हातातली चादर तशीच अर्धी पिळलेली राहिली. हसता हसता कुणाचा गळा भरून यावा, तसा स्वर. नुमाने कर्णा ओठांच्या मधोमध न लावता डावीकडे, त्या तिरक्या दाताच्या खांद्यावर टेकवला होता.

"ओदील," तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"मास्तरांना तरी सांग."

"मास्तरांना तर मुळीच नको."

आता आमच्याकडे गाणं शाळेत शिकत नाहीत, रस्त्यावर चोरतात. वाजवणारा रस्त्याने निघाला की दुसरे वाजवणारे कडेला उभे राहून त्याची बोटं पाहतात, कुठली कळ कधी दाबली ते घोकत घरी जातात, आणि पुढच्या रविवारी तुमचंच गाणं तुमच्या तोंडावर फेकतात. म्हणून बरेच कर्णेवाले बोटांवर रुमाल टाकून वाजवायचे. नुमाही टाकायला लागला. मोठा पांढरा रुमाल, मी इस्त्री केलेला. मी त्याला विचारलं होतं, "तुझं गुपित तर तोंडात आहे, मग हात कशाला झाकतोस?"

"तोंड झाकता येत नाही," तो म्हणाला, "म्हणून हात झाकतो."

आणि काय सांगू, सारं शहर त्या रुमालाकडे बघायला लागलं. दिवसा तो भिंतींना गिलावा करायचा, पण गिलाव्याच्या परातीभोवतीही पोरं येऊन त्याच्या बोटांकडे टक लावून बसायची. प्रेतयात्रेत जाताना तो जड, संथ वाजवायचा. मूठमाती देऊन परतताना त्याच कर्ण्यातून असं काही काढायचा की विधवासुद्धा पाय आवरू शकत नसे. आमच्या मदतमंडळाचे, म्हणजे वर्गणीतून मयती नि नाच पार पाडणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष मुस्यू ओनोरे म्हणायचे, "नुमा वाजवणार असेल तर मी आधी मरायला तयार आहे." अर्थात ते मेले सगळ्यांत शेवटी.

तर एका वर्षीची गोष्ट. उन्हाळा संपत आला होता. सोमवार होता. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, म्हणून चुलीवर राजमा आपला आपण शिजत ठेवायचा आणि भाताबरोबर खायचा, अख्ख्या शहराचं हेच. नुमा सोमवारी माझ्याकडे जेवायचा. त्या दिवशी त्याने राजम्यात चमचा फिरवला आणि खाली ठेवला.

"खारट झालाय?"

"नाही."

"मग? आजवर तू राजमा पातेल्याचा तळ दिसेपर्यंत सोडला नाहीस."

त्याने ओठ वर उचलून दाखवला. तिरक्या दाताच्या मुळाशी हिरडी जांभळी झाली होती, फुगून टच्च. मी बोट लावलं तर तो खुर्चीतून उठलाच.

मी त्याला ओढत डॉक्टर फोर्तुनांकडे नेलं. आपल्या काळ्या लोकांचे दात पाहणारे आमच्या भागात ते एकच होते. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि मला म्हणाले, नुमाला नाही, "ओदीलबाई, हा आत्ता काढायला हवा. खाली पू साठलाय."

"काढायचा नाही," नुमा म्हणाला.

"मुस्यू त्रेपान्ये, हा वर चढला की डोळ्याकडे जातो. डोळ्यातून पुढे कुठे जातो ते तुम्ही विचारू नका. सेंट अ‍ॅन रस्त्यावरचा तो खाटीक आठवतो?"

आठवत होता. दाढ दुखते म्हणता म्हणता गेला होता, आणि त्याच्या प्रेतयात्रेत नुमानेच वाजवलं होतं.

"रविवारनंतर काढतो," नुमा म्हणाला.

रविवारी मंडळाचा नाच होता, मोठ्या सभागृहात. त्याआधी दुपारी बँडची गाडी वस्तीत फिरवायची, म्हणजे लोकांना कळतं की आज कुठे जायचं. खेचरांची उघडी गाडी. बाजूंना कागदी फलक. सरकत्या नळीचा लांब कर्णा वाजवणारा मागच्या टोकाला पाय सोडून बसतो, नाहीतर पुढच्याच्या पाठीत नळी बसते. आणि अशा दोन गाड्या एका कोपऱ्यावर समोरासमोर आल्या की लोक त्यांची चाकं एकमेकांना बांधून टाकतात. मग सुटका नाही. एकाने वाजवायचं, मग दुसऱ्याने, आणि गर्दी ज्याला हसेल तो हरला. हरणाऱ्याला नंतर नाचाला कोणी बोलावत नाही, मयतीलाही नाही. त्या वर्षी मुस्यू ओनोरेंनी जाहीर केलं होतं की या रविवारी जो वरचढ ठरेल, मंडळाचं सगळं काम त्याचं.

दुसरी गाडी कुणाची असणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कॅनाल रस्त्यापलीकडचा क्लेओफास; अलीकडे आम्ही फ्रेंचवाले, पलीकडे ते इंग्रजीवाले, एकमेकांकडे जाणं-येणं कमीच. बंदरावर पोती वाहणारा, हातभर छातीचा माणूस. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याने नदीकाठी फुंकलं की पलीकडच्या तीरावर बोटीचे खलाशी जहाजाचा भोंगा समजून टोप्या काढायचे, असं लोक सांगायचे. गेली दोन-तीन वर्षं तो नुमाच्या रुमालाच्या मागे होता. एकदा तर गिऱ्हाईक बनून गिलावा करून घ्यायला आला होता.

"डॉक्टर," मी बाहेर येऊन हळूच विचारलं, "काढल्यावर वाजवता येईल?"

"बाई, मी दात काढतो. वाजवण्याचं मला कळत नाही."

पण नुमाला कळत होतं. घरी आल्यावर तो पायरीवर बसून म्हणाला, "ओदील, दात गेला की कर्णा गेला. तू मला काढ म्हणतेस, ते बरोबर आहे. पण एकदा वाजवून मग काढू दे."

"आणि तोवर डोळ्यात गेलं तर?"

"तर एकाच डोळ्याने तुझ्याकडे बघेन. तसंही तुझ्याकडे दोन डोळ्यांनी बघायची हिंमत नाही कुणाची."

मी त्याला मारायला उठले. मारता येईना. त्याच्या गालाला हात लावायची सोय नव्हती.

तो आठवडा कसा काढला ते मलाच माहीत. लवंगा कुटून हिरडीवर दाबायच्या, मीठपाण्याच्या गुळण्या, व्हिस्कीचा बोळा. गाल दिवसागणिक वर येत गेला. नुमा टोपी डावीकडे झुकवून हिंडायचा. लवंगांच्या वासावरून झेनोबी मावशीने, म्हणजे आमच्या कोपऱ्यावर अक्रोडासारख्या पेकनच्या साखरवड्या विकणाऱ्या बाईने, सगळीकडे पसरवलं की नुमा पिऊन वास लपवतो. मी म्हटलं, पसरू दे. दारूची बदनामी बरी, दाताची नको.

शनिवारी ताप आला. मी म्हटलं, "मी मुस्यू ओनोरेंना जाऊन सांगते."

"सांग," तो म्हणाला. "ते डोळे पुसतील, मेणबत्ती लावतील, आणि भोंग्याला बोलावतील."

तेही खरंच होतं. मी चपला काढून ठेवल्या.

रविवारी नुमाने गाडीवानाला गाठून सांगितलं की गाडी नदीच्या बाजूने ने, क्लेबॉर्न रस्त्याच्या झाडांकडे फिरकू नको. नुसते नाचापुरते सूर जपून ठेवायचे, गाडीवर थोडं थोडं फुंकायचं, असा त्याचा बेत. भोंग्याची गाठच पडू द्यायची नाही. पण मुस्यू ओनोरे खांद्यावरून मंडळाचा चकचकीत पट्टा लावून गाडीवानाशेजारी चढून बसले आणि म्हणाले, "नदीकडे काय मासे बोलवायचेत नाचाला? क्लेबॉर्नवरून घे."

मी माझ्या पायरीवर उभी होते. आमचं घर कोपऱ्यावरच. डावीकडून नुमाची गाडी आली, आणि उजवीकडून, झाडांच्या सावलीतून, भोंग्याची. भोंगा गाडीत उभा होता. त्याला बसायला पुरतेच कुठे जागा. दोन्ही गाडीवानांनी लगाम खेचायच्या आत आमच्याच लोकांची धाव सुटली. आमच्याच लोकांची. त्यांना नुमाला जिंकताना पाहायचं होतं.

"दोरी," कुणीतरी ओरडलं. "दोरी आणा."

झेनोबी मावशी साखरवड्यांची टोपली माझ्या पायरीवर ठेवून सरळ माझ्या परसात शिरली आणि धुण्याची दोरी खांबावरून सोडायला लागली.

"मावशी, माझी दोरी सोड."

"सोडतेच तर आहे."

"तशी नव्हे. हात काढ तिच्यावरून."

"रविवारी धुणं वाळत घालणार आहेस होय ग, पापिणी? फादरला सांगू?"

मी दोरीचं एक टोक धरलं. ती म्हणजे साखरवड्यांवर वाढलेली बाई. मी दोरीसकट रस्त्यापर्यंत गेले. चाकं बांधली. गाठीवर गाठ मारली. खेचरांनी ओढ घेतली तशी गाठ आणखी आवळली. मी गर्दीतून नुमाच्या गाडीपाशी पोचले. टोपीखाली त्याचा चेहरा ओल्या गिलाव्यासारखा दिसत होता.

"नुमा, खाली उतर."

"दोरी तुझीच ना?"

"ओढून नेली माझ्या परसातून."

"बरीच मजबूत दिसते," तो म्हणाला, आणि रुमाल झटकून बोटांवर टाकला.

भोंग्याने आधी वाजवलं. काय तो आवाज, खिडक्यांची तावदानं थरथरली. आमच्या बाजूचे लोकही नाइलाजाने पाय हलवायला लागले. थांबल्यावर तो गाडीच्या कडेवर ओणवून म्हणाला, "काय रे त्रेपान्ये, रुमाल हातावर कशाला? तोंडावर घे. तुमच्या फ्रेंच बायका देवळात घेतात तसा."

"घेतला असता," नुमा म्हणाला, "पण मग तुझ्या तोंडाचा वास कोण घेणार?"

लोक हसले. मी हसले नाही. तो बोलताना ओठ जेमतेम हलवत होता हे फक्त मला दिसत होतं.

नुमाने वाजवलं. चांगलं वाजवलं, पण मला कळलं की तो दातावर भार टाकत नाहीये. कर्णा मधोमध धरलेला. स्वर साधेच निघत होते, दुसऱ्या कुणाचेही असावेत असे. गर्दीत थोडी चुळबूळ झाली. झेनोबी मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "आज काय राजम्याची पेज पिऊन आलाय का हा?"

भोंग्याने पुन्हा वाजवलं, आणखी वरच्या पट्टीत. या खेपेला आमच्यातल्या दोघा-चौघांनी टाळ्या दिल्या. मुस्यू ओनोरे पट्ट्याची कड चावत होते. आता नुमाने साधं वाजवलं असतं तर कुणीतरी हसलं असतं, आणि एक हसला की सगळे हसतात. मी चाकाचा आरा घट्ट धरून उभी होते. मी मनात म्हणत होते, हस रे कुणीतरी, हरू दे, घरी जाऊ दे त्याला. आणि त्याच मनात म्हणत होते, खबरदार कुणी हसलात तर.

नुमाने कर्णा वर उचलला आणि डावीकडे सरकवला.

मी डोळे मिटले. पहिला स्वर आला तो तोच, अंजिराखालचा. मग मध्येच तुटला. डोळे उघडले तर नुमाच्या हनुवटीवरून रक्त आणि पू वाहत होता. फुटलं होतं. नुमाने बोटांवरचा रुमाल ओढला आणि तोंडावर दाबला. थुंकला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही: गळू फुटलं तशी कळ थांबली होती. तो माझ्याकडे बघून जवळजवळ हसला. रुमाल खिशात कोंबून त्याने कर्णा पुन्हा त्या दातावर टेकवला आणि उघड्या बोटांनी वाजवायला लागला.

तसं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं, आणि पुढे कधी वाजवणार नव्हता. ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, म्हणून मी ऐकलं कमी आणि मनात धरून जास्त ठेवलं.

भोंगा मात्र ऐकतच नव्हता. एवढी वर्षं ज्या बोटांसाठी तळमळला ती समोर उघडी पडली होती. तो गाडीच्या कडेवरून इतका वाकला की मागून कुणीतरी त्याचा कोट धरून ठेवला. ओठ हलत होते. एकेक कळ घोकत होता. नुमा थांबला. भोंग्याच्या ढोलवाल्याने ताल दिला, क्लॅरिनेटने सुरुवात केली, सगळे त्याच्यासाठी जागा सोडून थांबले, आणि भोंगा आपलं गाणं सोडून नुमाच्या कळा दाबायला गेला. त्याच्या सरळ दातांच्या तोंडातून त्या कळांवर जे निघालं ते गाणं नव्हतं. परातीवर मांजर पडावं तसं काहीतरी होतं. त्याने पुन्हा दाबल्या. पुन्हा मांजर.

आधी कोण हसलं? झेनोबी मावशीच. तिचं हसणं पोटापासून येतं, थांबवता येत नाही. मग सगळा रस्ता हसला. भोंगा मात्र आपल्या बोटांकडे बघत उभा होता, ती त्याची नसावीत तसा.

गाठ काही सुटेना. शेवटी खाटकाच्या पोराकडून सुरी आणून दोरी कापली. मी म्हटलं, कापा, पण लवकर कापा.

नुमाला आम्ही थेट डॉक्टर फोर्तुनांकडे नेलं. सुट्टीचा दिवस, पण त्यांनी दार उघडलं, कोट चढवला आणि दात काढला. नाच दुसऱ्याच कुणी तरी वाजवून पार पाडला. ताप चढत गेला आणि मग उतरला. डोळा राहिला. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात वाचले." मी दात मागून घेतला. त्यांनी विचारलं नाही कशाला, आणि मलाही सांगता आलं नसतं.

जखम भरली तशी नुमाने परसात जाऊन कर्णा लावून पाहिला. वारा त्या फटीतून सुटायचा. मधोमध लावला, उजवीकडे लावला. म्हशीपलीकडे काही निघेना. त्याने कर्णा पुसला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. मुस्यू ओनोरे मंडळाचं काम घेऊन दोनदा आले. नुमा दोन्ही वेळा म्हणाला, गिलाव्याचं काम फार आहे. सगळ्यांना वाटलं, जिंकल्यापासून चढलाय.

आणि एक दिवस भोंगा आला. टोपी हातात, पायरीखाली उभा.

"बाई, आहे का तो?"

"दोरीचं भरून द्यायला आलात का?"

"नाही हो. एक विचारायचंय त्याला."

नुमा बाहेर आला. भोंगा म्हणाला, "बोटं पाहिली मी. सगळी पाहिली. घरी तेच दाबतो. तसा आवाज येत नाही. ऐक, मी वाकून विचारतोय, आणि मी बंदराच्या मुकादमालाही वाकून विचारत नाही. कुठे लपवून ठेवलंयस?"

नुमाने मान वर केली आणि ओठ उचलून फट दाखवली.

भोंगा वाकून बघत राहिला. मग पायरीवर बसला, एवढा मोठा माणूस, पायरी करकरली. "म्हणजे त्या दिवशी," तो म्हणाला, आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. मी कॉफी आणली. ती त्याने गारढोण होऊ दिली.

शेवटी म्हणाला, "खालचे सूर निघतात?"

"म्हशीसारखे."

"मला म्हैस चालेल. वर मी आहेच. खाली कुणी धरणारा नाही माझ्याकडे, सगळ्या गाढवांना वरच जायचं असतं. ये माझ्या गाडीवर."

"कॅनालपलीकडे?"

"का, तुझी गिलाव्याची परात बाटते का पलीकडे?"

नुमाने खिळ्यावरचा कर्णा काढला. वर्ष गेलं ओठ पुन्हा बसवण्यात. वरच्या पट्टीचं नाव सोडलं त्याने. खालून, भोंग्याच्या आवाजाला उशी द्यावी तसा वाजवायला शिकला, आणि केस पांढरे होईपर्यंत तेच वाजवत राहिला. पुढे भोंगा शिकागोला गेला, नुमा गेला नाही. तो म्हणाला, तिकडे राजमा सोमवारी करत नाहीत.

पण ते नंतरचं. पहिल्यांदा दोघे एका गाडीत आमच्या कोपऱ्यावर आले, तेव्हा मी दोरी घरात दडवून ठेवली होती. नुसती गाठ मारून जोडलेली, अजून वापरात. गाडी थांबली. भोंग्याने खिशातून एक कोरा रुमाल काढून नुमासमोर धरला. "टाक हातावर. लोक रुमाल बघायलाच येतात."

नुमाने रुमाल घेतला, चांगलं खळखळून नाक शिंकरलं, आणि खिशात घातला. मग उघड्या बोटांनी वाजवायला लागला.

झेनोबी मावशी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिने डोळे बारीक केले. "ओदील, हात उघडा ठेवलाय बघ. म्हणजे खरं गुपित याने दुसरीकडेच कुठेतरी लपवलंय."

"हो," मी म्हटलं. "माझ्या बटणांच्या डबीत आहे."

ती पोटापासून हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.